जैतुनाचा सातबारा

पिकलेले जैतून झाडावरून तोडून सरळ तोंडात टाकले तर थुंकावेच लागते. दिसायला ते थेट जांभळासारखे, काळेभोर आणि तुकतुकीत. पण गरात ओलेयुरोपीन नावाचे द्रव्य असते आणि त्याचा कडवटपणा जिभेवरून लवकर हटत नाही. आंबा पाडाला लागला की खाली उभ्या असलेल्या पोरालाही तो मिळतो, माकडालाही मिळतो. जैतुनाचे तसे नाही. भूमध्य समुद्राच्या काठच्या माणसांना सुमारे सहा हजार वर्षे ज्याने जगवले, ते झाड कुणाला आयते काही देत नाही.

नाब्लुसच्या आसपासच्या गावांत ऑक्टोबरमध्ये हिरवी जैतुने दगडाने ठेचतात. एकेक घेऊन, साल उकलेल पण आतली बी फुटणार नाही अशा बेताने. मग ती काही दिवस साध्या पाण्यात पडून राहतात आणि ते पाणी रोज बदलावे लागते. कडूपणा उतरला की मिठाचे पाणी करायचे. मीठ किती, हे वजनाने ठरत नाही. भांड्यातल्या पाण्यात कच्चे अंडे सोडतात. अंडे तळाशी बसले तर मीठ कमी आहे. मीठ घालत, ढवळत राहायचे. अंडे वर आले आणि त्याच्या पाठीचा नाण्याएवढा गोल पाण्याबाहेर दिसू लागला की खारवणी जमली. मग बरणीत जैतुने, लिंबाच्या फोडी, हिरव्या मिरच्या आणि सर्वांत वर तेलाचा बोटभर थर. तेही जैतुनाचेच. फळ टिकवायला त्याच झाडाचे तेल. आपल्याकडे खारातल्या कैऱ्या घालणाऱ्या कोणत्याही बाईला ही सगळी रीत एका नजरेत कळेल.

हे इतक्या बारकाईने सांगते आहे, कारण ‘बहुगुणी ऑलिव्ह’ अशा मथळ्याखाली आपल्याकडे जे छापून येते त्याबद्दल माझी तक्रार आहे. त्यात एक यादी असते. तेल खायला, तेल अंगाला लावायला, पाने काढ्याला, लाकूड कोरीवकामाला. यादी खोटी नसते. पण ती वाचताना वाटते, की हे गुण झाडाच्या अंगी जन्मतः असतात आणि आपण बाटली विकत आणली की ते आपल्या घरी येतात. मला म्हणायचे आहे ते असे, की उपयोग एकट्या झाडात नसतो. तो झाड आणि त्याच्याजवळ राहणारे घर या दोघांच्या मधे असतो. घर झाडापाशी बारा महिने राबले तर वीस उपयोग सापडतात. वर्षातून चार दिवस आले तर एकच उरतो. आणि ज्या झाडाचा एकच उपयोग उरतो, त्याला वाचवायला धावणारी माणसेही कमी होत जातात.

आपला या झाडाशी संबंध तसा लांबचा. माझ्या लहानपणी ऑलिव्ह ऑईल किराणा दुकानात मिळत नसे. ते औषधांच्या दुकानातून छोट्या डब्यात यायचे, घरात बाळ जन्मले की, त्याच्या अंगाला चोळायला. स्वयंपाकघरात त्याला जागा नव्हती. ‘जैतून’ हा शब्द मराठी वाचकाला भेटला तो मुख्यतः बायबलच्या भाषांतरांतून. झाड इथे रुजले नाही, कारण त्याला फुलोरा धरायला हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते आणि आपल्या किनाऱ्यावर ती पडत नाही. नातेवाईक मात्र आपल्या अंगणात आहेत. पारिजातक, जाई, जुई, मोगरा ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने जैतुनाच्याच कुळातली, आणि सह्याद्रीच्या सदाहरित रानात वाढणारा पारजांब तर त्याचा सख्खा चुलतभाऊ. तरीही या झाडाचे मोल समजून घ्यायला कोकणातल्या माणसाला पारिजातकापेक्षा माड जवळचा वाटेल. नारळ, करवंटी, काथ्या, झावळी, हीर, खोड. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा लोक रडले ते काही फक्त नारळाच्या भावासाठी नव्हे.

वेस्ट बँकच्या डोंगराळ गावांत जैतुनाभोवती वर्ष कसे फिरते ते पाहावे. हापूससारखेच हे झाड एक वर्षाआड भरते. भरल्या वर्षाला तिथले शेतकरी ‘मासिया’ म्हणतात, रित्या वर्षाला ‘शलतूना’. दोन्हींना स्वतंत्र नावे आहेत, कारण घराचा सगळा हिशेब या दोन वर्षांच्या जोडीवर चालतो. मासियाचे तेल शलतूनाला पुरवायचे असते. पहिला पाऊस पडून पानांवरची उन्हाळ्याची धूळ धुतली गेली, की तोडणी सुरू होते. झाडाखाली चादरी अंथरतात, पोरे फांद्यांवर चढतात, म्हाताऱ्या बायका खाली बसून पडलेली फळे निवडतात. घाण्यावरून आलेले नवे तेल हिरवट आणि गढूळ असते आणि घशाला झोंबते. ही झोंब ताजेपणाची खूण आहे हे गावात पूर्वापार माहीत होते. २००५ साली शास्त्रज्ञांनी त्यामागचे द्रव्य, ओलिओकँथाल, वेदनाशामक आयबुप्रोफेनसारखे काम करते असे दाखवले. भट्टीतली गरम भाकर, तेलात भिजून मऊ झालेला कांदा, वर आंबट सुमाक आणि कोंबडी, असा मुसखन याच दिवसांत होतो. नव्या तेलाची परीक्षा पाहुण्यांच्या जिभेवर होते.

तोडणी संपली म्हणजे काम संपले असे नाही. हिवाळ्यात छाटणी. पाल्याच्या फांद्या शेळ्यांना, काटक्या चुलीला, आणि दाट, घट्ट, पिवळ्या-तपकिरी रेषांचे जाड लाकूड बेथलेहेमच्या कारागिरांना. तिथे फ्रान्सिस्कन साधूंच्या काळापासून त्या लाकडाचे क्रूस, जपमाळा, गाईगुरांसह गव्हाणी कोरतात. फळाच्या बियांचेही मणी होतात. मग झाडांच्या ओळींमधे नांगरणी. एखाद्या पट्टीत मसूर, एखाद्या पट्टीत गहू. मधे अंजीर आणि बदाम. पावसात ढासळलेले गडगे पुन्हा रचायचे, कारण गडगा गेला की माती जाते आणि माती गेली की झाड जाते. वसंतात याच बांधांवरून रानभाज्या आणि झातर नावाचा रानपाला खुडून आणायचा. यातले एकही काम ‘ऑलिव्हचा उपयोग’ म्हणून कोणी मोजत नाही. पण ही कामे बंद पडली तर तेलाचेही काही खरे नसते.

शंभर किलो जैतुनांतून साधारण वीस किलो तेल निघते. माझा सगळा मुद्दा या आकड्यात आहे. उरलेल्या ऐंशी किलोंचे काय?

पॅलेस्टाइनमध्ये त्यातल्या पेंडीला ‘जिफ्त’ म्हणतात. ती वाळवून ताबून नावाच्या भाकरीच्या भट्टीत घालतात. तिची आच मंद आणि फार वेळ टिकणारी. म्हणजे ज्या भाकरीवर तेल ओतायचे ती भाजायला त्याच फळाची पेंड. नाब्लुसच्या साबणवाल्यांच्या कढयांखालीही हीच पेंड जळत असे. आणि कढईत असे तेल, बऱ्याचदा खाण्याच्या प्रतीचे न राहिलेले.

या साबणाबद्दल थोडे थांबून सांगायलाच हवे. नाब्लुसचा साबण तीनच गोष्टींचा. जैतुनाचे तेल, पाणी आणि खार. खार पूर्वी जॉर्डन नदीच्या पलीकडून यायचा. बेदुईन लोक तिथल्या खारट झुडपांची राख करून उंटांवरून आणत. आपल्याकडच्या साजीखाराचाच तो भाऊबंद. पुढे त्याची जागा कास्टिक सोड्याने घेतली. तळमजल्यावरच्या मोठ्या कढईत हे मिश्रण काही दिवस रटरटते. मग माणसे ते भांड्यांत भरून, खांद्यावर घेऊन जिना चढतात आणि वरच्या मजल्यावरच्या विस्तीर्ण फरशीवर ओततात. तो थर गोठू लागला की रंगात भिजवलेल्या दोरीने त्यावर सरळ रेघा उमटवतात. मग एक कारागीर ओणवा होऊन, दोन्ही हातांत लोखंडी शिक्का लावलेला लाकडी ठोकळा धरून, प्रत्येक चौकोनावर मारत पुढे सरकतो. ठक, ठक, ठक. त्या तालात चूक होत नाही. कापलेल्या वड्या मग माणसाहून उंच, आतून पोकळ अशा शंकूंत रचतात. दोन वड्यांमधे फट ठेवायची, म्हणजे वारा खेळतो. कित्येक महिने तो साबण असा नुसता वाळत उभा असतो. वडी हातात घेतली तर रंग मळकट पांढरा आणि वास जवळजवळ नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शहरात असे तीसेक कारखाने होते. आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. त्याच बैठकीत हलबच्या, म्हणजे अलेप्पोच्या, लॉरेलच्या तेलाच्या साबणाचीही नोंद झाली. त्याचाही पाया जैतुनाचे तेलच.

ऐंशी किलोंतला दुसरा मोठा भाग म्हणजे फळाचे कडू, काळपट पाणी. रोमनांनी त्याला ‘अमुर्का’ म्हटले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटोने शेतीवर जो ग्रंथ लिहिला त्यात या टाकाऊ पाण्यासाठी जागोजाग जागा काढली आहे. खळे सारवताना मातीत मिसळा म्हणजे मुंग्या येत नाहीत आणि गवत उगवत नाही. कपड्यांच्या पेटीला लावा, कसर लागत नाही. मेंढ्यांच्या खरजेवर लावा. चामड्याचे पट्टे, लाकडी सामान, तांब्यापितळेची भांडी यांना चोळा. शेणाने अंगण सारवणाऱ्या संस्कृतीला ही बुद्धी परकी वाटू नये. आता याच पाण्याची दुसरी गोष्ट. स्पेनमध्ये त्याला अल्पेचिन म्हणतात. मोठमोठ्या गिरण्या आल्या तेव्हा ते इतके निघू लागले की ओढ्यांत, नद्यांत सोडल्यावर मासे मरू लागले. १९८० च्या दशकात ते नदीत सोडण्यावर बंदी घालावी लागली आणि ते आटवायला तळी खणावी लागली. पाणी तेच, त्यातली रसायनेही तीच. गावाच्या मापात ते औषध होते, कारखान्याच्या मापात विष झाले.

उपयोगांची ही वीण कायद्यांत आणि धर्मांतही उतरली. अथेन्समध्ये ‘मोरिया’ म्हणजे पवित्र जैतुने राज्याची मालमत्ता होती, मग ती कुणाच्याही शेतात उभी असोत. लिसियास या वक्त्याने लिहिलेले, एका शेतकऱ्याने असा पवित्र बुंधा उपटल्याच्या आरोपावरचे बचावाचे भाषण आजही वाचायला मिळते. पानाथेनिया उत्सवातल्या एका रथशर्यतीच्या विजेत्याला १४० कुंभ तेल मिळत असे. पहिलवान अंगाला तेल माखून कुस्ती खेळत आणि मग धातूच्या वाकड्या पट्टीने तेल, घाम आणि धूळ खरवडून काढत. ती खरवडही औषध म्हणून विकली जाई. ज्यूंच्या शास्त्रात सांगितले आहे की जैतून एकदा झोडल्यावर फांद्या पुन्हा तपासू नयेत. मागे राहील तो सरवा परक्याचा, अनाथाचा आणि विधवेचा. कुराणाने ईश्वराच्या प्रकाशाची उपमा देताना जैतुनाच्या तेलावरचा दिवा निवडला. येशूला पकडले ती बाग गेथशेमाने. या नावाचा अर्थ सरळ ‘तेलाचा घाणा’. तिथल्या आठ जुन्या झाडांपैकी तिघांचे वय इटालियन शास्त्रज्ञांना काढता आले, तेव्हा त्यांची आजची खोडे बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. शिवाय आठही झाडे एकाच झाडाच्या फाट्यांपासून लावलेली आहेत असेही दिसले. म्हणजे कुणीतरी मुद्दाम, एकाच जुन्या झाडाची फांदी पुढे चालू ठेवली.

धर्माने झाड प्रवासाला नेले की त्याचे काय होते हे आपल्या किनाऱ्यावर चांगले दिसते. वसईत झावळ्यांचा रविवार साजरा होतो आणि त्या दिवशी खरोखर माडाच्या झावळ्या असतात. इटलीत त्याच रविवारी लोक जैतुनाच्या डहाळ्या हातात धरतात. कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्याला लावायचे तेल शतकानुशतके जैतुनाचेच असावे लागे. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी, जिथे ते मिळणे कठीण आहे तिथे दुसरे वनस्पतिजन्य तेल चालेल, अशी मुभा दिली. आणि कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावांतले बेने इस्रायल? त्यांना मराठी शेजाऱ्यांनी नाव दिले ‘शनवार तेली’. घाणा चालवणारे आणि शनिवारी बैल सोडून देणारे लोक. त्यांचे पूर्वज गॅलिलीसारख्या जैतुनाच्या मुलखातून आले असावेत आणि तेल काढण्याचा धंदा तिथूनच आणला असावा, असा एक तर्क मांडला जातो. तो सिद्ध करता येत नाही. पण कोकणात त्यांनी तीळ आणि खोबरे गाळले आणि त्या तेलावर गाव चालले, एवढे खरे. झाड मागे राहिले तरी हातातली विद्या दुसऱ्या झाडाला लागू पडते.

आता उलट बाजू. एकच उपयोग घेऊन लाखो झाडे लावली तर काय होते? त्यासाठी इटलीच्या टाचेकडे, सालेंतोकडे पाहावे लागते.

ऑलिव्ह तेलाच्या व्यापारी प्रतवारीत आजही ‘लांपान्ते’ नावाची एक खालची प्रत आहे. शुद्ध केल्याशिवाय ती खाता येत नाही. नावाचा अर्थ दिव्याचे तेल. हे नाव ज्या काळातून आले त्या काळी सालेंतोचे गाल्लिपोली बंदर या तेलाची मोठी पेठ होती. जमिनीखाली खडकात खोदलेल्या घाण्यांत माणसे आणि जनावरे हिवाळाभर अंधारात राबत. तेल खडकातल्याच टाक्यांत निवळत राही आणि जहाजे ते उत्तर युरोपला नेत. लंडनचे दिवे, इंग्लंडमधल्या लोकर आणि साबणाच्या गिरण्या त्यावर चालत. या एका मागणीसाठी तिथे जैतुनाचे रानच्या रान उभे राहिले, आणि तेही बहुतेक दोनच वाणांचे, ओल्यारोला आणि चेल्लिना. पुढे रॉकेल, गॅस आणि वीज आली. दिवा गेला, झाडे राहिली. पर्यटक त्यांचे फोटो काढून ‘प्राचीन परंपरा’ म्हणू लागले.

२०१३ मध्ये त्याच गाल्लिपोलीजवळच्या झाडांचे शेंडे वाळू लागले. झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करत होता. जनुकीय पुराव्यांवरून तो कोस्टा रिकाहून आलेल्या एखाद्या शोभेच्या कॉफीच्या रोपासोबत आला असे मानतात. झाडाझाडांवर त्याला नेतो एक साधा फेस करणारा किडा. दोन्ही जुने वाण या रोगापुढे टिकले नाहीत. लाखो झाडे उभ्या उभ्या करडी झाली. त्यांतली कित्येक शतकानुशतके जुनी होती. ‘लेच्चिनो’ नावाचा वाण आणि एक नवा वाण मात्र बऱ्यापैकी तग धरून आहेत.

सालेंतोचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण ते माझ्याच बाजूच्या भाबडेपणाला रोखते. झाड जुने आहे म्हणून त्यामागची पद्धत शहाणी होती असे होत नाही. ती राने म्हणजे त्यांच्या काळचे एकपीक होते, दूरच्या शहरातल्या एका गरजेसाठी केलेले. त्यांचा जीव त्या गरजेत अडकला होता. लांपान्तेच्या दिव्याबरोबर त्यांना जपण्याचे अर्धे कारण विझले. छाटणी आणि नांगरट मागे पडत गेली, आणि संकट आले तेव्हा वाणांची विविधताही हाताशी नव्हती.

आज हाच प्रयोग कितीतरी वेगाने पुन्हा चालू आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जैतुनाच्या कुंपणासारख्या दाट ओळी लावतात. हेक्टरी दीड ते दोन हजार झाडे. पारंपरिक बागेत ती शंभराच्या आसपास असतात. वाण दोनतीनच, ठेंगणे राहणारे. द्राक्षासाठी बनवलेल्या यंत्रासारखे उंच यंत्र ओळीवरून जाते आणि फळ झाडून घेते. कोणी शिडी लावत नाही, कोणी खाली बसून निवडत नाही. काही ठिकाणी हे यंत्र रात्री चालवत. त्यात दाट फांद्यांत झोपलेली स्थलांतरित पाखरे मरू लागली, तेव्हा अंदालुसियात रात्रीची तोडणी थांबवावी लागली. या बागेचे आर्थिक आयुष्य वीसेक वर्षांचे धरतात. हजार वर्षे जगू शकणाऱ्या झाडाचे. आणि तहान मोठी. २०२२ च्या दुष्काळाने स्पेनचे तेल जवळपास १५ लाख टनांवरून ७ लाख टनांच्याही खाली आणले आणि जगभर भाव दुपटीच्या वर गेले. कोरडवाहू बागांनाही तो दुष्काळ बसलाच, हेही सांगितले पाहिजे.

एक गंभीर आक्षेप इथे येतो आणि तो टाळणे मला बरोबर वाटत नाही. यंत्राने तेल स्वस्त होत असेल तर ते गरिबाच्या ताटात जाईल. शिवाय जुन्या पद्धतीत राबले कोण? गाल्लिपोलीच्या भुयारी घाण्यांतली माणसे. रोमच्या काळी बेटिकाच्या, म्हणजे दक्षिण स्पेनच्या, मळ्यांतले गुलाम. रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती सारी तेलाच्या फुटक्या कुंभांच्या खापऱ्यांची. प्रत्येक खापरीमागे कुणाच्या तरी पाठीचे हाड आहे. तोडणीच्या दिवसांत उकिडवे बसून बायकांचे गुडघे जातात, हे काव्य नव्हे. हे सगळे मला मान्य आहे. यंत्राला माझा विरोध नाही. हातात धरायची, फांद्या हलवणारी बॅटरीची काठी वेस्ट बँकच्या शेतांतही आली आहे आणि ती यावीच. पण स्वस्त तेल आणि जिवंत झाड यांत निवड करायला सांगणारा हिशेब अपुरा आहे असे मला वाटते, कारण तो फक्त वीस किलोंचा आहे. उरलेले ऐंशी किलो, गडग्याने धरलेली माती, पट्टीतला मसूर, भट्टीतली पेंड, सरव्याला आलेली विधवा, हे सगळे त्यात शून्य धरलेले असते. शून्य धरलेल्या गोष्टी आधी जातात. मग वीस किलोंचीही हमी राहत नाही.

पॅलेस्टाइनमध्ये या झाडाला एक उपयोग असा आला आहे की जो कुणी मागितला नव्हता. ते मालकीचा पुरावा झाले. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यात ‘मिरी’ प्रकारच्या जमिनीवर हक्क राहायचा तो कसल्याने. तीन वर्षे सबळ कारणाशिवाय पडीक राहिली तर ती राज्याकडे जाऊ शकत असे. १९६७ नंतर वेस्ट बँक इस्रायली लष्करी ताब्यात गेली, तरी हा जुना कायदा राहिला. १९७९ च्या एलोन मोरेह निकालात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने इस्रायली वस्तीसाठी लष्करी कारण देऊन खासगी जमीन घेण्याला अडथळा आणला. त्यानंतर ‘सरकारी जमीन’ जाहीर करण्याचा मार्ग जोरात वापरला गेला आणि त्यासाठी पडीकपणाचे हेच कलम उपयोगी पडले. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे झाड आहे. उभे, कसलेले, छाटलेले झाड म्हणजे त्याचा सातबारा. म्हणून ते लावण्याला धार आली, आणि म्हणूनच ते तोडण्यालाही. दरवर्षी तोडणीच्या हंगामात झाडे कापल्याच्या, जाळल्याच्या, शेतकऱ्यांवर हल्ले झाल्याच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय करते. संयुक्त राष्ट्रांच्याच अंदाजाने तिथली ८० हजार ते १ लाख कुटुंबे या झाडावर कमीअधिक अवलंबून आहेत.

या लढ्यात दोन बाजूंना दोन धर्म उभे आहेत असे समजण्याची घाई करू नये. २००६ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हल्ल्याच्या भीतीचे कारण सांगून लष्कराने शेतकऱ्यालाच शेताबाहेर ठेवणे चूक आहे. त्याला संरक्षण देऊन तोडणी करू दिली पाहिजे. त्या याचिकेत गावांच्या बरोबरीने ‘रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स’ ही ज्यू धर्मगुरूंची संघटनाही होती. हे लोक तोडणीला स्वतः झाडाखाली येऊन उभे राहतात. सरव्याचा नियम ज्या ग्रंथात आहे तो त्यांनी वाचलेला आहे.

तरीही माझ्या मूळ मुद्द्याचे सर्वांत कठोर उदाहरण याच भूमीत आहे. इस्रायलने २००२ पासून उभारलेल्या भिंतीच्या आणि कुंपणाच्या पलीकडे अनेक गावांच्या बागा अडकल्या. तिकडे जायला दारे आहेत, पण त्यातली बहुतेक फक्त तोडणीच्या हंगामात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांना, परवाना असलेल्यालाच उघडतात. ऑक्टोबर २०२३ नंतर बरीच दारे त्या काळातही उघडली नाहीत. उघडली तरी घराला झाडाचे वर्षातले चार दिवसच मिळतात. फळ तोडता येते. नांगरता येत नाही, गडगा रचता येत नाही, शेळी नेता येत नाही, वसंतात झातर खुडता येत नाही. झाडाचे वीस उपयोग होते, त्यातला एक ठेवून बाकीचे सगळे एका दाराने कापले. आणि त्या एकाचे काय झाले? संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत कुंपणाआडच्या झाडांचे उत्पन्न, रोज जाता येईल अशा तसल्याच झाडांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी निघाले. कोणी कुऱ्हाड मारली नव्हती. फक्त माणूस यायचा थांबला होता.

बेथलेहेमजवळचे बत्तीर गाव या भिंतीतून तूर्त वाचले. तिथल्या उतारावरच्या दगडी पायऱ्यांची शेते रोमन काळापासूनच्या पाटाच्या पाण्यावर चालतात. कोणत्या घराला पाणी कधी, याच्या पाळ्या गावातल्या कुळांनी वाटून घेतल्या आहेत. २०१४ मध्ये युनेस्कोने ‘जैतुनांची आणि द्राक्षवेलींची भूमी’ म्हणून हा परिसर जागतिक वारसा आणि त्याच वेळी धोक्यातला वारसा ठरवला. वारसा म्हटले की आपल्याला इमारत आठवते. इथे वारसा म्हणजे पाण्याची पाळी आणि ती चुकवू नये म्हणून पहाटे उठणारा माणूस.

जैतुनाचा बुंधा कापला तरी ते सहसा मरत नाही. मुळाशी गाठी असतात आणि त्यांतून पहिल्याच पावसाळ्यानंतर धुमारे फुटतात. त्याच्या चिवटपणाच्या कविता यावरूनच होतात. पण पुष्कळ झाडे कलमी असतात, रानटी जैतुनाच्या मुळांवर बांधलेली. करवत कलमाच्या खाली चालली असेल तर वर येतो तो रानटी धुमारा. त्याला काट्यांसारख्या फांद्या, बारीक पाने, आणि फळ म्हणजे नुसती बी. तो तसाच सोडला तर दहा वर्षांनी झुडूप होते, बाग होत नाही. त्यातला एक सरळ धुमारा राखायचा, बाकीचे काढायचे, शेजारच्या नबाली वाणाच्या चांगल्या झाडाची काडी आणायची, साल उकलून ती बसवायची आणि घट्ट बांधून वर चिखल लिंपायचा. हे काम रस चढू लागला की करायचे असते, मार्च-एप्रिलमध्ये. दार ऑक्टोबरमध्ये उघडते.